भरणारीचं माप

आबा, तुम्ही गेल्यानंतर तुमच्याशी बोलायचं कधी सुचलंच नाही. माहेरी गेले की फोटोवरचा हार बदलते, कपाळावरचं कुंकू पुसट झालं असेल तर नवं लावते आणि स्वयंपाकघरात वहिनीला मदत करायला जाते, एवढंच आपलं बोलणं. आज लिहायला बसले, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो म्हणेल, "अगं, एवढंसं काय त्यात?" तुम्ही तसं म्हणणार नाही. तुम्ही काहीच म्हणणार नाही. हातातला रंधा थांबवाल आणि नुसते बघाल. पन्नाशी जवळ आली तरी त्या बघण्याची मला अजून धास्ती आहे.

आमचं जळगावात फिश टँकचं दुकान आहे. तुम्ही असतात तर आधी हसला असतात. "लोके मासा पाळतस?" म्हणून चार जणांना सांगत सुटला असतात. पाळतात, आबा. आता घर बांधलं की बैठकीच्या खोलीत काचेची पेटी हवीच असते. कुणाला वास्तूसाठी हवी, कुणाला पाहुण्यांसाठी, आणि एखाद्याला खरंच माशांसाठी. काच तुमचे जावई बघतात आणि लाकूड माझ्याकडे. खाली स्टँड, मध्ये काच, वर झाकण. त्या झाकणाला आम्ही हूड म्हणतो; त्यात दिवा लपतो आणि ते उचलून आत हात घालायचा. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, एक टेबल आणि एक टोपी. पण सगळा खेळ उंचीचा आहे. बघणारा सोफ्यावर बसून बघणार की उभ्यानं, त्यावर स्टँड ठरतं. आत हात कुणाचा जाणार, त्यावर हूड. आणि हे दोन्ही एकाच वेळी धरावं लागतं, कारण पाणी भरलं की ती वस्तू मग चार माणसांनाही हलत नाही. काठ काखेखाली आला तर बोटं तळाला टेकतात. काठ खांद्यावर गेला की तळातली घाण तळातच. हे मला कुठल्या कोर्सात कुणी शिकवलं नाही. हे मी तुमच्याबरोबर धरणगावात घरोघर फिरून शिकले.

आठवतं ना, कुणाच्या घरी पाण्याच्या हंड्यांसाठी घडवंची करायची असली की तुम्ही मला बरोबर न्यायचात. नळ आले तरी लोक घडवंची करून घेत होते, हंडे-माठ जमिनीवर ठेवायला कुणाला आवडत नव्हतं. घरचा मालक ओट्यावर बसून सांगायचा, "इतकी उंच करा, इतकी रुंद करा," हात पसरून दाखवायचा. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात, मान डोलवायचात आणि शेवटी म्हणायचात, "बरं, पाणी कोण भरतं?" मालक म्हणायचा, "बाया भरतात, पण मी सांगतो ना माप." तुम्ही कानावरची पेन्सिल काढायचात, पुन्हा कानावर ठेवायचात, पण उठायचा नाहीत. मग आतून सून यायची, पदर सावरत, ओशाळलेली. तुम्ही परक्या बाईच्या जवळ जाणार नाही, म्हणून काठी माझ्या हातात. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे आणि मी तिच्या पायापाशी काठी टेकवून तिच्या कोपरापर्यंत बोट धरून ओरडायची, "आबा, इथपर्यंत!" त्या बाया हसायच्या. एक जण मला म्हणाली होती, "अगं माय, मी काय दरवाजा आहे का मोजायला?" घरी येताना मी एकदा विचारलं, मालक पैसे देतो, तर मालकाला का नाही विचारायचं? तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. म्हणालात, "पाणी पेणारले इचारू नको, भरणारीले इचार." एवढंच. पुढे घरापर्यंत कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिलात.

आणि आपल्या घरची घडवंची. मायसाठी केलेली. सागाची, वर हंड्यांसाठी गोल खळ्या, खाली पायांना लेथवर काढलेले गोंडे. शेजारणी बघायला यायच्या. माय उंच होती, घडवंचीही तिच्या कोपराएवढी उंच. मग मायनं अंथरूण धरलं आणि पाणी माझ्याकडे आलं. माझ्या छातीवर यायची ती घडवंची. मी पाटावर चढून कळशी रिती करायची, आणि एक दिवस पाट सरकला. कळशी अंगावर, मी जमिनीवर, सगळ्या स्वयंपाकघरात पाणीच पाणी. तुम्ही बाहेर काम करत होतात. आत आलात, मला उठवलं, कुठे लागलं ते बघितलं. रागावला नाहीत. हंडे खाली उतरवलेत, घडवंची आडवी केलीत आणि करवत घेऊन आलात.

माय पलंगावरून बघत होती. तिला कळलं तुम्ही काय करताय ते. म्हणाली, "कापू नका. मी बरी झाले की मला लागेल ती." आबा, मी ओल्या परकरानं दारात उभी आहे. तुम्ही तिच्याकडे बघताय, मग माझ्याकडे. तुमच्या हातातली करवत किती वेळ नुसतीच लाकडावर टेकलेली. मग तुम्ही तिला म्हणालात, "आते पाणी ही भरस ना? मंग हिनं माप. तू बरी झाली का मी खाले ठोकळा लावसू." आणि कापलेत. गोंडे चारही बाजूंना पडले. तुमच्या हातचं सगळ्यात देखणं काम तुम्हीच बुटकं केलंत. त्या तुकड्यांचे तुम्ही खरंच ठोकळे करून ठेवले होते, पण मायला ते लागले नाहीत. मी वाढले तसे ते माझ्यासाठी लागले.

हे सगळं मला माहीत आहे, आबा. माहीत नसतं तर आज हे लिहायला बसले नसते. आडातच नसतं तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून मोकळी झाले असते. पण आडात होतं.

गेल्या वर्षी धुळ्याहून, देवपुरातून एक गिऱ्हाईक आलं. कॉलेजातून निवृत्त झालेले सर, नवा बंगला, उंचपुरा माणूस, बोलणं गोड आणि भरपूर. आम्ही माप घ्यायला गेलो. सरांनी नाशिकला कुठल्याशा हॉटेलात टँक बघितला होता. "मी उभा राहिलो की मासे माझ्या डोळ्यांसमोर पाहिजेत," म्हणाले. "वाकून बघायला मी काय बगळा आहे?" आम्ही हसलो. ते भिंतीपाशी ताठ उभे राहिले आणि मी टेप लावला. स्टँड माझ्या पोटाच्या वर येत होतं, त्यावर दोन फुटांची काच, त्यावर हूड, तोही उंच, कारण दिव्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांत यायला नको. तुमचे जावई मला हळूच म्हणाले, "उंच होतंय ग." मी डोळे वटारले. गिऱ्हाईकाला आवडतंय ना, मग आपलं काय जातं?

काकू चहा घेऊन आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, ट्रे ठेवून आत न जाता दारातच थांबल्या. मी भिंतीवर पेन्सिलीनं काठाची रेघ मारली होती. त्या रेघेकडे बघत त्यांनी मला विचारलं, "ताई, इथपर्यंत माझा हात पोचेल का?" सर म्हणाले, "तुला कशाला पोचायला पाहिजे? दर रविवारी मी करेन ना साफ." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला ना, प्रत्येक गोष्टीत हात घालायची सवय." मी हसले. आबा, मी नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी हसले, आणि वर म्हणाले, "काकू, तुम्ही फक्त बघायचं आता!" त्याही हसल्या. वेळ साजरी केली त्यांनी. ट्रे उचलून आत गेल्या. माझ्या हातात टेप होता आणि त्या माझ्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. काठी धरून परक्या बायांची कोपरं मोजणारी तुमची पोर, तिला एकदाही वाटलं नाही की म्हणावं, काकू, जरा इकडे या, हात वर करा.

टँक झाला. देखणा झाला, खोटं कशाला बोलू. सरांनी फोटो पाठवले, त्यांच्या ओळखीतून शिरपूरचं एक काम मिळालं. मी खूश.

काही महिन्यांनी दिवा बिघडला म्हणून मी एकटीच गेले. सर बँकेत गेले होते. काकूंनी दार उघडलं, उजवी बाही खांद्यापर्यंत ओली. टँकपुढे चढायला पिठाचा रिकामा डबा पालथा घातलेला. काठाला टेकवून एक काठी, आणि काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेली पळी. त्या पळीनं काकू तळातली घाण काढत होत्या. मला बघून त्यांनी ती काठी पटकन मागे लपवली, जणू त्याच काही चोरी करत होत्या. दंडावर आडवा निळा डाग होता. हूड वर धरता धरता निसटतो आणि हातावर पडतो, हे मला कुणी सांगायला लागलंच नाही. मी विचारलं, "सर रविवारी...?" त्या म्हणाल्या, "करायचे सुरुवातीला. पहिले दोन रविवार केलं." आणि लगेच त्यांचीच बाजू घेऊन, "त्यांची पाठ दुखते हो."

तिथेच सांगायला हवं होतं. सर येईपर्यंत थांबून म्हणायला हवं होतं की माप चुकलं, माझं चुकलं, स्टँड कापते, हूड बदलते. जिभेवर आलेलं होतं. पण सर आले ते मोठमोठ्यानं बोलतच आले, "वा वा, तुमच्या टँकचं सगळी कॉलनी कौतुक करते!" आणि मी पुन्हा दिव्याचे स्क्रू फिरवायला लागले. सगळ्या कॉलनीनं नावाजलेली वस्तू मी चुकीची म्हणू? मग गेलंच की दुकानाचं नाव! मी दिवा बसवला, चहा प्यायले आणि घरी आले.

घरी आल्यावर मी काय केलं असेल? सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते. आपली घडवंची माझ्याकडे होती. गच्चीवर, रंगाचे डबे ठेवायला. गोंडे कापलेली बुटकी घडवंची, दुकानात मांडायची मला लाज वाटायची. दुकानाच्या कार्डावर आम्ही 'इंटिरियर' लिहिलंय, आबा. सुताराची पोर म्हणून मी गिऱ्हाइकांत कधी ओळख दिली नाही. ती घडवंची मी खाली आणली, धुतली, वरच्या गोल खळ्यांत पाय अडकू नये म्हणून तिच्यावर प्लायचा तुकडा ठेवला आणि खिळे मारले. तुमच्या सागावर. आणि पुढच्या खेपेला ती टेम्पोत टाकून देवपुरात नेली. "काकू, हिच्यावर चढत जा, डब्यापेक्षा बरी." काकूंना इतका आनंद झाला, काय सांगू. सरांनी पायानं जरा सरकवून बघितली, "हे कुठलं? जुनं दिसतंय." मी म्हटलं, "जुन्या बाजारातून घेतलं, सर. पडलेलं होतं."

मी पाटावर चढू नये म्हणून जी तुम्ही कापलीत, ती मी दुसऱ्या बाईला चढायला दिली.

नंतर जे व्हायचं ते झालंच. पावसाळ्यात सरांचा फोन आला, "टँक साफ करायला माणूस पाठवा, हिचा हात मोडलाय." ओल्या प्लायवरून पाय घसरला होता. मी त्याच दिवशी गेले. काकू सोफ्यावर, हात गळ्यात, मला बघून म्हणतात कशा, "तुमची घडवंची चांगली आहे हो, माझंच वजन वाढलंय." मला कुठे तोंड लपवू असं झालं. समोर मासे मजेत फिरत होते.

या वेळी मी ठरवूनच गेले होते की सांगायचं. सर समोर बसले. मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं माहीत आहे? "सर, स्टँडच्या खालच्या प्लायला ओल लागलीय. तेवढा भाग कापावा लागेल, त्यामुळे उंची जरा कमी होईल. हूडही बदलून देते, आमच्याकडून." म्हटलं, सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. त्यांचा मान राहील, माझं दुकान राहील, काठ खाली येईल. केवढी मी हुशार! सर ऐकून घेतात आणि वळून काकूंना म्हणतात, "बघ! सांगत होतो ना, पाणी सांडू नकोस? एवढ्या सुंदर वस्तूची वाट लावलीस."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आबा, अगदी तुमच्यासारखं. त्यांना माहीत होतं प्लायला काही झालेलं नाही. रोज फडकं मारणाऱ्या बाईला नाही कळणार तर कुणाला? त्या मला वेळ देत होत्या. अजूनही खरं सांग, एवढंच त्या बघण्यात होतं. आणि मी पिशवीतून टेप काढायला खाली वाकले. टेप वरच होता, तरी मी पिशवीत बराच वेळ हात घालून बसले.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही टँक रिकामा केला, मासे टबात काढले आणि स्टँड अंगणात नेऊन कापलं. त्याआधी सर बाहेर गेलेले बघून मी काकूंना म्हटलं, "काकू, जरा इथे उभ्या राहा. हात सोडा. आता वर करा." मी टेप त्यांच्या पायापासून काखेपर्यंत धरला. कोपर धरलं, त्यांच्या बोटांची ताकद बघायला हातात हूडची फळी दिली. हूडही आता मधोमध बिजागऱ्या लावून केला, अर्धाच उचलावा लागतो, एका हातानं. काकू हसायला लागल्या. "शिंपी सोडला तर माझं माप आजपर्यंत कुणी घेतलं नव्हतं बाई." मी म्हटलं, "काकू, हे मी आधीच घ्यायला पाहिजे होतं." त्या म्हणाल्या, "हो, पाहिजे होतं." समजूत नाही घातली त्यांनी माझी. असू द्या, राहू द्या, काही म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. पण सर आल्यावर ते "हो" काकूंनी पुन्हा सगळ्यांसमोर म्हणावं, अशी वेळ मी येऊ दिली नाही. सरांना अजून ओलच माहीत आहे. परवा ते कुणालातरी फोनवर माझ्यासमोरच सांगत होते, "आमच्या मंडळींनी पाणी सांडून सांडून टँक बुटका केला." काकू पलीकडे मटार सोलत होत्या.

आता काठ त्यांच्या काखेखाली येतो. बाही कोपरापर्यंतच भिजते. सर सोफ्यावर बसून बघतात आणि म्हणतात, बसून बघण्यात खरी मजा आहे, हे त्यांनाच आधी सुचलं होतं. त्यांचं सोडा. मला आतून टोचतं ते वेगळंच आहे.

हा कागद मी कुठे पाठवणार? तुमचा पत्ता असता तरी पाठवला नसता. तुम्ही वाचून माझ्याकडे बघितलं असतं. टेपच्या डब्यात घडी करून ठेवीन, माप घ्यायला जाताना हाताला लागेल. पण एक राहिलंय, तेही लिहून टाकते.

परवा निघताना पाणी प्यायला मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे आपली घडवंची होती. काकूंनी वरचा प्लाय उचकटून काढला होता, माझे खिळे एकेक करून ओढून काढले होते आणि त्या गोल खळीत माठ ठेवला होता. चारही पायांखाली एकेक वीट, बरोबर त्यांच्या कोपराएवढी उंची. मला पाणी देत त्या म्हणाल्या, "जुन्या बाजारात बरी सापडली तुम्हाला." मग वाकून पायांवरून हात फिरवला, जिथे तुम्ही करवत चालवली होती तिथे. "मागून कापलेत हो हिचे पाय. त्या घरात कुणीतरी लहान असेल पाणी भरणारं. कुणाला तरी किती माया असेल त्या पोरीची."

पोरीची, म्हणाल्या त्या. मुलगा की मुलगी, हे मी कधी सांगितलं नव्हतं. ग्लास माझ्या हातात होता, पाणी गार होतं, आणि दाराबाहेर सर आमच्या शिरपूरच्या कामाची चौकशी करत उभे होते. मी म्हटलं, "असेल, काकू."